शंभरातले पाच कुठे गेले?

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत वीस संगणक घ्यायचं ठरलं आणि ते कोणते घ्यायचे हे सांगायचं काम सुधाकर निकुंभ सरांच्या गळ्यात पडलं, तेव्हा सरांनी सर्वांत आधी काय केलं असेल, तर ते पाणी प्यायले. मग दुसरा पेला प्यायले. तिसऱ्या पेल्याला संस्थेचे अध्यक्ष भाईदास शेठ म्हणाले, "सुधाकरभाई, तबियत तो सारी छे ने?"

तब्येत ठणठणीत होती. पण खरेदीच्या मागोमाग चौकशी येते, अशी सरांची पक्की समजूत होती, आणि ती काही हवेतली नव्हती. त्यांच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे रामदास सर याच शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांनी कधीकाळी शाळेसाठी बाकं घेतली. बाकं इंचभर बुटकी निघाली. त्या इंचाची जी चौकशी लागली, ती त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही हार घालायला आल्यासारखी पहिल्या रांगेत बसून होती. आजही रामदास सर बागेत फिरायला गेले की उभेच राहतात. बाकावर बसत नाहीत.

"शेठजी, शीतल मॅडम संगणक शिकवतात. त्यांना सांगा ना," सर म्हणाले.

"शीतलबेन कंत्राटवाळी. तिची सही चालत नाही." भाईदास शेठ साड्यांचे मोठे व्यापारी. मिलमधल्या मराठी माणसांशी बोलून बोलून त्यांची एक स्वतंत्र मराठी तयार झाली होती. "जुओ, दोन वेपारी छे. दोघांनी एकेक सँपल दिलं. एकामधे प्रोसेसर एन-शंभर, बीजामधे एन-पंच्याण्णव. शंभरवाळा महाग. तुम्ही गणितवाळा माणस. महाग का घ्यायचा, नाही तर का नाही घ्यायचा, ते लिहून सही करून आपो. बस."

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, एवढं सरांना ठाऊक होतं. स्वतःचा मेंदू त्या क्षणी चालत नव्हता, हेही ठाऊक होतं. तरी गणिताच्या शिक्षकाला शोभेल असं काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "शंभर पंच्याण्णवपेक्षा पाचने मोठे आहेत."

"ए तो मलापण माहीत छे," शेठ म्हणाले.

अशा रीतीने दोन काळी खोकी सरांच्या ताब्यात आली. दोन्ही एकाच मापाची, चपट्या जेवणाच्या डब्याएवढी. शाळेत ती तपासायला जागा नव्हती, कारण संगणक-कक्षात सध्या सातवीचा वर्ग भरत होता, कारण सातवीच्या वर्गात छत गळत होतं, कारण छताच्या खरेदीला कुणी सही द्यायला तयार नव्हतं. तेव्हा सरांनी खोकी घरी, डिंडोलीला न्यायची ठरवली. मोपेडवर, दोन पायांच्या मध्ये, आपलीच चादर गुंडाळून. त्या दिवशी रस्त्यात त्यांना उसाच्या रसाची हातगाडी मागे टाकून पुढे गेली. गाडीवाल्याने वळून सहानुभूतीने पाहिलंसुद्धा. सरांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: खड्डा, चादर, आणि मागून येणारी चौकशी.

घरी शकुंतलाबाईंनी खोकी पाहिली आणि विचारलं, "ह्यात चालतं काय नेमकं?"

"तेच मला लिहून द्यायचंय," सर म्हणाले.

पडद्यासाठी टीव्ही होता. त्याला एक खोकं जोडलं. कळ दाबली. आवाजच नाही. सर घाबरले. यंत्र म्हणजे आवाज, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. मिल असो, मिक्सर असो, मुख्याध्यापक असोत. हे आपलं गप्प. गेलं बहुतेक! सरांनी कान लावला, मग नाडी बघावी तसा हात लावला. तेवढ्यात टीव्हीवर निळं चित्र आलं आणि सर मटकन खाली बसले.

त्यांनी दोन्ही खोकी पाळीपाळीने जोडून पाहिली. हजेरीचा तक्ता उघडला. मराठीत ‘अनुशासन’ टाइप केलं. फळ्यावर लिहायला आवडतात तसे वर्ग आणि घन काढले. एक व्हिडिओ लावला. फरक काही कळेना. हे पटकन उघडतं म्हणावं तर तेही पटकन उघडायचं. हे गरम म्हणावं तर तेही तेवढंच कोमट. मनगटावरच्या घड्याळाने वेळ मोजायचा प्रयत्न केला, पण कळ दाबून घड्याळाकडे बघेपर्यंत जो वेळ जायचा, तोच सगळ्या फरकापेक्षा मोठा निघायचा. असा फरक न दिसला की दुसरा माणूस म्हणेल, फरक नाही. सर म्हणाले, दोष आपल्यात आहे.

बातमी सोसायटीत पसरली. खालच्या मजल्यावरचे वाल्मिकभाऊ रंगाच्या मिलमध्ये सुपरवायझर. ते धुळ्याकडचे, घरात अहिराणी. दार न वाजवता यायची पद्धत.

"काय व्हयनं सर? मी सांगस ना," ते खोक्याभोवती फिरत म्हणाले. "वॅट किती आहे दोघांचे?"

सरांनी कागद बघून सांगितलं. शंभरवर सहा लिहिलं होतं, पंच्याण्णववर पंधरा.

"मग झालं! मोटर घेताना काय बघता? जोर बघता. पंधरावाला घ्या. सहा वॅटमधे तर देवघरातला बल्ब पेटतो."

रामदास सर जिन्यातूनच म्हणाले, "सुधाकर, कुठलाच घे म्हणू नकोस. घेऊ नका असंही म्हणू नकोस. असं लिही की वाचणाऱ्याला वाटावं आपणच ठरवलं."

"ते कसं लिहायचं सर?"

"मला जमलं असतं तर मी हा असा राहिलो असतो का?" असं म्हणून ते वर गेले.

रविवारी सकाळी आणखी एक प्रकार घडला. सर दाढी करत होते. अर्धवट साबण पुसून बाहेर येतात तो शकुंतलाबाई ताटलीत हिरवेगार दाणे घेऊन बसलेल्या. पोंक! सुरतचा हिवाळ्यातला कोवळा हुरडा, वर लिंबू-मिरीची शेव.

"कुणी आणला?"

"तुमच्या शाळेचं नाव सांगून एक माणूस देऊन गेला. छान आहे हो. वाल्मिकभाऊंकडेही दिला, वर रामदास सरांकडेही दिला."

पुडक्याला एक कार्ड टाचलेलं होतं. त्यावर चेतनभाईंचं नाव होतं. चेतनभाई म्हणजे एन-शंभर विकणारे व्यापारी. आणि भाईदास शेठांचे सख्खे मेहुणे.

सरांच्या एका गालावर साबण तसाच होता. "शकुंतला," ते खोल आवाजात म्हणाले, "आपण लाच खाल्ली."

"मी तर शेवच जास्त खाल्ली," शकुंतलाबाई म्हणाल्या.

आता खाल्लेला पोंक परत करायचा कसा? सरांनी विचार केला आणि ते नदीकाठच्या पोंकवाल्यांकडे गेले. जेवढा आला तेवढा परत द्यायचा, म्हणजे हिशेब चुकता. पण आला होता किती? शकुंतलाबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "वाल्मिकभाऊंकडे वाटीभर, वर मूठभर, बाकी अंदाजाने." अंदाजाचं पुढे चौकशीत काय होईल, या भीतीने सरांनी सुरक्षित म्हणून दुप्पट घेतला आणि रिंग रोडवरच्या दुकानात जाऊन चेतनभाईंपुढे ठेवला.

चेतनभाईंनी पोंकाकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समजूतदार हसू पसरलं.

"समजी गयो, मास्तर," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पोंक तो नानी, छोटी वस्तू पडली. बीजुं काय पाहिजे, मनमोकळं सांगा ने."

सर जे पळाले ते हेल्मेट काउंटरवरच विसरून. ते आणायला पुन्हा जायची हिंमत झाली नाही. चेतनभाईंच्या दुकानात आपलं हेल्मेट असणं हा पुरावा कुणाविरुद्ध, याचा विचार करत सर गल्लीबोळांतून घरी आले.

शेवटी त्यांनी शीतल मॅडमना फोन लावला. मॅडम भावाच्या लग्नाला नंदुरबारला होत्या. मागे हळदीचा बँड वाजत होता.

"सर, घाबरू नका," शीतल मॅडम ओरडून म्हणाल्या. "दोघं सख्खे भाऊच आहेत! रोजच्या कामात फरक कळणारच नाही. शंभरवाला वीज कमी खातो, पंच्याण्णव थोडी जास्त. मुलांना टायपिंग शिकवायचंय, रॉकेट नाही सोडायचं! किंमत सारखी असती तर शंभर घ्या म्हटलं असतं. जास्त पैसे मात्र का द्यायचे?"

"म्हणजे मला फरक कळला नाही ते बरोबर?"

"एकदम बरोबर, सर!"

आयुष्यात पहिल्यांदाच न कळण्याबद्दल कुणी शाबासकी देत होतं. सरांना इतकं हलकं वाटलं, की मॅडमनी पुढे जे सांगितलं ते त्यांनी उत्साहाने कागदावर टिपून घेतलं. ‘माझा संगणक’ या चित्रावर माउसची उजवी कळ दाबायची, यादीतलं शेवटचं नाव निवडायचं, की प्रोसेसरचं नाव दिसतं. अहवालात ते लिहा, म्हणजे भारदस्त वाटेल.

सरांनी उजवी कळ दाबली. पहिल्या खोक्याचं नाव आलं: पंच्याण्णव. छान. दुसरं जोडलं. पंच्याण्णव.

तार बदलायची राहिली असेल. पुन्हा काढून, पुन्हा लावून, चष्मा पुसून. पंच्याण्णव.

सरांनी खोक्याखालची चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर शंभरच होतं. टीव्हीवर पंच्याण्णव. आणि मग त्यांना आठवलं. काल संध्याकाळी शकुंतलाबाईंनी त्याच बोर्डावर मिक्सर लावला होता. खोबऱ्याची चटणी अर्ध्यावर आली आणि फट् करून घरातली वीज गेली. तेव्हा जोडलेलं होतं ते हेच खोकं!

"मिक्सरने पाच खाल्ले," सर पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चटणी चांगली झाली होती."

त्या क्षणापासून सरांच्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्याची वस्तू, तीही शेठच्या मेहुण्याची. आपल्या घरी शंभर आली आणि आता पंच्याण्णव आहे. उद्या विचारलं तर काय सांगायचं? वर्गात मुलांचे पाच गुण कापताना त्यांना कधी एवढा त्रास झाला नव्हता. त्यांनी खोकं रात्रभर बंद ठेवलं, विश्रांतीने भरून येतं का पाहिलं. सकाळी पुन्हा पंच्याण्णव.

वाल्मिकभाऊंना विश्वासात घ्यावंच लागलं. त्यांनी मान हलवली. "आमच्या मिलमधे बी असंच होतं. लाइटचा झटका बसला की मोटर नरम पडते. आत तार जळते. उघडून बघावं लागेल."

"उघडू नका. मी आधी मॅडमना विचारतो."

पण खरं सांगायची भीती. सरांनी फोन लावला तेव्हा पलीकडे वरात निघालेली.

"मॅडम, समजा एखाद्याच्या हातून शंभरचा पंच्याण्णव झाला तर?"

"कुणाच्या हातून, सर?"

"एका मित्राच्या."

"असं होतच नाही, सर! ते आत—" ढम् ढम् ढम्. "—आत—" पिपाणी. "—आतच असतं!" आणि फोन बंद.

"काय म्हणत्या?" वाल्मिकभाऊंनी विचारलं.

"आत असतं म्हणाल्या."

"मी काय सांगत होतो?" वाल्मिकभाऊंनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात नेहमीच असतो, जसा सरांच्या खिशात खडू.

बुडाशी एका स्क्रूवर सीलची चांदीसारखी चकती चिकटवलेली होती. ती फाटली तेव्हा सरांना स्वतःचं काहीतरी फाटल्यासारखं वाटलं. आत काय होतं? एक हिरवी पाटी, एक छोटा पंखा, तांब्याची एक पट्टी. जळल्याचा वास नाही, काळा डाग नाही. वाल्मिकभाऊंनी फुंकर मारली. मग ते वाकून टेबलाखाली पाहू लागले.

"काय शोधताय?"

"काही पडलं का ते."

दोघांनी मिळून खोकं बंद केलं. एक स्क्रू उरला. तो कुठला हे दोघांनाही आठवेना. वाल्मिकभाऊ म्हणाले, कंपन्या एखादा जास्तच घालतात, आणि घाईघाईने घरी गेले. सरांनी तो स्क्रू देवघरात ठेवला. यापेक्षा सुरक्षित जागा त्यांना सुचली नाही.

दोन दिवसांनी शीतल मॅडम लग्नाचे लाडू घेऊन थेट सरांच्या घरी आल्या. सरांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मिक्सर, चटणी, चकती, स्क्रू. मॅडम आधी इतक्या हसल्या, की शकुंतलाबाईंनी पाणी आणलं. मग त्यांनी खोकं टीव्हीला जोडलं, नाव पाहिलं, आणि त्यांचं हसू थांबलं.

"सर, प्रोसेसर झटक्याने कमी होत नाही. जळाला तर यंत्र बंदच पडेल, पाचने उतरणार नाही. आणि ह्यात तो पाटीवर झाळलेला असतो, बदलता येत नाही. हा पहिल्यापासून पंच्याण्णवच होता."

"म्हणजे मी काही केलं नाही?"

"तुम्ही काही केलं नाही. चेतनभाईंनी शंभरच्या चिठ्ठीखाली पंच्याण्णव पाठवलाय. सँपल असं, तर वीसच्या वीस कसे येतील सांगा."

सरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण चहा निवेपर्यंतच. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या हातून नुकसान झालं ही भीती बरी होती. ती निदान घरातल्या घरात होती. आता शेठच्या मेहुण्याला खोटं पाडायचं, ते फाटलेल्या चकतीचं खोकं हातात घेऊन! तो म्हणणार, मास्तरनेच उघडलं. मास्तरनेच बदललं.

"मॅडम, सभेत तुम्हीच सांगा ना खरेदी समितीला."

शीतल मॅडम लाडवाचा डबा बंद करत म्हणाल्या, "मी सांगेन, सर. पण कंत्राटी बाईचं कोण ऐकतं? सही तुमची लागणार."

त्या संध्याकाळी रामदास सरांनी आजारी पडायचा सल्ला दिला. सरांनी विचार केला, पण आजाराला दाखला लागतो, आणि दाखला खोटा निघाला तर त्याची निराळी चौकशी. गप्प राहून शंभरवर सही केली, तर उद्या कुणीतरी उजवी कळ दाबणार, आणि चौकशी. खरं बोललं, तर चकती, आणि चौकशी. सरांनी सगळे रस्ते तपासले. सगळे एकाच गावाला जात होते. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की हे एकदा नीट उमगल्यावर त्यांना चार दिवसांत प्रथमच भूक लागली.

"खरं असेल ते सांगा आणि घरी या," सदऱ्याला इस्त्री करत शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी खिचडी टाकून ठेवते."

खरेदी समितीची सभा मुख्याध्यापकांच्या खोलीत भरली. मधोमध भाईदास शेठ, बाजूला समितीचे सभासद, समोर दोन्ही व्यापारी. शीतल मॅडमना ‘विशेष निमंत्रित’ म्हणून दाराजवळची खुर्ची मिळाली. टेबलावर सरांचं हेल्मेट होतं. चेतनभाईंनी ते मोठ्या अदबीने परत आणलं होतं.

"बोला सुधाकरभाई," शेठ म्हणाले. "शंभर का पंच्याण्णव?"

सर उभे राहिले. "शेठजी, दोन्ही पंच्याण्णव आहेत."

चेतनभाई खोक्यावर झडपच घालून म्हणाले, "आ जुओ! सील तूटेलुं छे! मास्तरने आतला माल बदलला! आणि जीजाजी, ह्या माणसाने माझ्या दुकानात येऊन मला पोंक दिला. दुप्पट!"

सगळे सरांकडे बघू लागले. सरांना वाटलं, आता भिंतीवरच्या तसबिरीही बघतायत.

"सुधाकरभाई," शेठ सावकाश म्हणाले, "तुम्ही प्रोसेसर बदलला?"

"शेठजी, तो कुठे असतो तेच मला माहीत नाही. मी उघडलं होतं. आत बघितलं. मला ओळखू आला नाही."

शेठ विचारात पडले. मग म्हणाले, "ए वात साची लागते. ह्यांनी मला फोन करून विचारलं, घरात फोडणी देताना संगणक झाकून ठेवू का?"

"मला विचारलं, रविवारी त्याला सुट्टी देतात का," मुख्याध्यापक म्हणाले.

"उभा ठेवू की आडवा, हे मला दोनदा विचारलं," पंच्याण्णवचा व्यापारी प्रामाणिकपणे म्हणाला.

एकामागून एक साक्ष निघत गेली. सर उभेच होते. आपल्या बाजूने एवढी माणसं बोलताहेत याचा आनंद मानावा, की ती काय बोलताहेत याचं वाईट वाटून घ्यावं, हे त्यांना ठरवता येईना. पंचवीस वर्षं त्यांनी या शाळेत गणित शिकवलं होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी शीतल मॅडम दाराजवळून म्हणाल्या, "प्रोसेसर पाटीवर झाळलेला आहे, शेठजी. तो बदलायला कारखाना लागतो. सरांच्या घरी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा शेजारचा होता."

चेतनभाईंनी रुमाल काढला. "मग गोडाउनमधे भूल झाली असेल. पोरियांनी चिठ्ठी खोटी लावली. दुसरं सँपल आपी दऊं, काय मोठी वात?"

भाईदास शेठांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा घरातल्या माणसासारखा झाला. "भूल तो थाय. घरचा माणस छे. सुधाकरभाई, चेतन उद्या खरा शंभर आणून देईल. तुम्ही आज सही करून टाका, म्हणजे काम पुढे चाले."

कागद सरांपुढे सरकला. पेन सरकलं. सरांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"मी सही करणार नाही, शेठजी."

बोलल्यावर सर्वांत जास्त दचकले ते स्वतः सरच.

"का?"

"मला भीती वाटते."

"कोणाची?"

"सगळ्यांची," सर म्हणाले. आवाज कापत होता, पण आता तो थांबायचं नावही घेत नव्हता. "तुमची वाटते. चेतनभाईंची वाटते. न आलेल्या वीस खोक्यांची वाटते. ती मुलांसमोर उघडायची, शेठजी. मुलं फार पटकन शिकतात. एकाने नाव काढून बघितलं आणि मला विचारलं, सर, बाहेर शंभर आणि आत पंच्याण्णव का, तर मी वर्गात काय सांगू? त्यांची भीती मला सगळ्यांत जास्त वाटते."

कुणीतरी हसलं. शेठ हसले नाहीत. ते बराच वेळ मेहुण्याकडे बघत राहिले आणि चेतनभाई बराच वेळ रुमालाकडे. मग शेठ पंच्याण्णवच्या व्यापाऱ्याकडे वळले.

"तमारा पंच्याण्णव, पंच्याण्णवज आहे ने?"

"उघडून बघा शेठजी. पाटीवर दिसेल, पडद्यावर दिसेल."

"बस. पंच्याण्णव म्हणून पंच्याण्णव देतो, स्वस्तामधे देतो. वीस ह्याचेच घ्या. अने दरेक खोकं शीतलबेन उघडून बघेल, मगच पैसा." शेठ उठता उठता म्हणाले, "चेतन, तू घेर आव."

चेतनभाईंचा चेहरा पाहून सरांना क्षणभर त्यांची दया आली. घरी बोलावण्यातली भीती सरांना परकी नव्हती.

आता राहिलं इतिवृत्त. मुख्याध्यापक लिहिता लिहिता अडले. "सील तुटलं हे लिहावंच लागेल. मग निकुंभ सरांवर संशय का नाही, हेही लिहावं लागेल." आणि त्यांनी मोठ्याने वाचलं: "‘श्री. निकुंभ यांना संगणकातील काहीही कळत नाही, याबद्दल समितीची पूर्ण खात्री पटली असल्यामुळे त्यांच्यावर कोणताही ठपका येत नाही.’ सर, खाली तुमची सही लागेल."

सरांनी वाक्य पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणूस भित्रा असला तरी त्यालाही अब्रू असते.

"एक सूचना आहे," ते म्हणाले. "‘काहीही’च्या जागी ‘फारसे’ करता येईल का? श्री. निकुंभ यांना संगणकातील फारसे कळत नाही. अर्थ तोच राहतो. जरा बरं वाटतं."

शेठ म्हणाले, करो ने. सभासदांनी माना हलवल्या. शीतल मॅडम म्हणाल्या, सरांना हवं तसं लिहा. मुख्याध्यापकांनी मात्र पेन हवेतच धरलं.

"माझी हरकत नाही, सर. पण ‘फारसे’ म्हटलं, की थोडंसं कळतं असा अर्थ निघतो. उद्या कुणी हा कागद काढला आणि म्हणालं, ते थोडंसं म्हणजे नेमकं किती, एवढंच जरा पाहू या..."

"काहीही!" सर ओरडले. "काहीही राहू द्या!"

त्यांनी पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं, वळणदार अक्षरात सही केली, आणि कागद परत करण्याआधी ‘काहीही’ या शब्दाखाली पट्टी ठेवून एक ठळक रेघ मारली.